टेदर : दोरीने आखलेलं वर्तुळ

इंग्रजी-मराठी कोशात ‘टेदर’ शोधला की बहुधा ‘दावं’ सापडतं आणि क्रियापदापुढे ‘दाव्याला बांधणे’. हे चूक नाही, पण अर्धंच आहे. ‘बांधणे’ म्हटलं की मराठी कानाला जनावर जागच्या जागी दिसतं: दावणीला, मान खाली, समोर वैरण. टेदरमध्ये वैरण समोर नसते, ती जनावराने हिंडून मिळवायची असते. दोरीचं एक टोक मेखेला, दुसरं गळ्यात, आणि मधल्या लांबीइतकं जनावर मोकळं. या शब्दाच्या अर्थात गाठीपेक्षा लांबीला महत्त्व आहे. जनावर कुठे बांधलंय यापेक्षा ते कुठवर जाऊ शकतं, हे तो सांगतो.

हा फरक धरून ठेवला तर शब्दाचे पुढचे सगळे अर्थ नीट उलगडतात आणि प्रत्यक्ष चराईत होणाऱ्या बहुतेक चुकाही कळतात.

इंग्रजीत या कामाचे शब्द पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाचं काम वेगळं आहे. ‘हॉल्टर’ म्हणजे तोंडावरची मोरकी. हा शब्द हत्यार किंवा अवजाराच्या दांड्याला म्हणतात त्या ‘हेल्व्ह’ शब्दाचा भाऊबंद, म्हणजे मूळ अर्थ ‘ज्याने धरायचं ते’. ‘हॉबल’ म्हणजे पुढचे दोन पाय एकमेकांना आखूड पट्ट्याने जोडणं. जनावर लहान पावलं टाकत चरतं, पण धावू शकत नाही. आपल्या लोढण्याचं कामही तेच, फक्त ते ओझ्याने अडवतं. ‘पिकेट’ हा टोकदार खुंटासाठीच्या फ्रेंच शब्दावरून आलेला. लष्करी घोडे ओळीने बांधायची ती पिकेट लाइन, आणि संपात कारखान्याच्या दारावर उभे राहणारे कामगारही पिकेटच. ‘लीश’ची गंमत सर्वांत मोठी: कुत्र्याच्या गळ्यातल्या दोरीचं हे नाव लॅटिनमधल्या ‘सैल करणे’ या क्रियापदापासून, जुन्या फ्रेंचमार्गे आलं. शिकारी कुत्रा ज्या दोरीतून सोडायचा ती दोरी. बांधण्याच्या वस्तूला सोडण्याचं नाव.

टेदर मात्र उत्तरेकडून आला. जुन्या इंग्रजीच्या लिखाणात तो सापडत नाही, दिसायला लागतो तो १४व्या शतकाच्या उत्तरार्धात. जुन्या नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेत याच अर्थाचा ‘त्योद्र’ हा शब्द होता, आणि स्वीडिश, डॅनिश, नॉर्वेजियन, आइसलँडिक, डच या सगळ्या भाषांत त्याची भावंडं आजही आहेत. ९व्या शतकापासून इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागांत स्कँडिनेव्हियन लोक येऊन वसले. लढाया त्यांनी केल्याच, पण वसल्यावर शेती केली, गुरं राखली, शेजाऱ्यांशी सोयरीक केली. म्हणून त्यांच्या भाषेतून इंग्रजीत आलेले शब्द दरबारी नाहीत, घरादारातले आहेत: अंडं, सुरी, खिडकी, कातडी, पाय, आकाश यांचे आजचे नेहमीचे इंग्रजी शब्द तिकडचेच. इतकंच काय, ‘ते लोक’ या अर्थाचं सर्वनामही. एखाद्या भाषेने दुसरीकडून सर्वनाम घ्यावं, इतकी ही जवळीक होती. टेदर याच घरगुती सामानातून आला.

त्याच्या आणखी मागे गेलं तर ‘पक्कं करणे, बांधणे’ अशा अर्थाचा एक प्राचीन धातू आणि त्याला लागलेला साधनवाचक प्रत्यय, अशी फोड भाषातज्ज्ञ मांडतात. तो प्रत्यय आपल्या ओळखीचा आहे. संस्कृतातला ‘त्र’ तोच: ज्याने प्यायचं ते पात्र, ज्याने मारायचं ते शस्त्र, ज्याने जुंपायचं ते योक्त्र. ‘नेत्र’ही तसाच, ज्याने नेलं जातं ते. म्हणून संस्कृतात रवीच्या दोरीलाही नेत्र म्हणतात. टेदरमधला ‘दर’ हा या ‘त्र’चा लांबचा चुलतभाऊ.

इथे एक मोह होतो. आपलं ‘दावं’ संस्कृत ‘दामन्’पासून आलेलं, धातू ‘दा’, म्हणजे बांधणे. ज्याच्या पोटाला दावं बांधलं तो दामोदर. संस्कृतातला ‘द’ जर्मानिक भाषांत ‘त’ किंवा ‘ट’ होतो, हा नियमही पक्का आहे. दहा, दोन आणि दात यांचे इंग्रजी शब्द उच्चारून पाहा. मग दावं आणि टेदर एकाच दोरीची दोन टोकं म्हणावीत का? म्हणू नयेत. आद्य ध्वनी जुळतात आणि अर्थही जुळतो, पण दोघांचं मूळ एकच असल्याचं सिद्ध झालेलं नाही, आणि शब्दांच्या बाबतीत सारखा चेहरा हा नात्याचा पुरावा नसतो. दाव्याचा खरा नातेवाईक भलत्याच घरी सापडतो. ‘भोवती बांधणे’ या अर्थाच्या ग्रीक क्रियापदापासून ‘डायडेम’ झाला, राजाच्या कपाळावरची पट्टी, पुढे मुकुट. गोठ्यातलं दावं आणि राजाचा डायडेम एका धातूचे. असलं नातं आवाज जुळवून सुचत नाही. आणि इंग्रजीतला साधा ‘टाय’? त्याचाही टेदरशी संबंध नाही. त्याचं मूळ ‘ओढणे’ या अर्थाच्या धातूत आहे.

आता दोरीकडे येतो, कारण शब्दाचा उरलेला अर्थ तिथेच आहे.

दोरीची लांबी म्हणजे वर्तुळाची त्रिज्या. ३ मीटर दोरीला सुमारे २८ चौरस मीटर जागा मिळते आणि ६ मीटरला ११३. दोरी दुप्पट केली की कुरण चौपट होतं. हे डोक्यात नसलं की माणूस ‘थोडी सैल सोडू’ म्हणतो आणि जनावराला शेजारच्या पिकात पोचवतो. शिवाय गळपट्टा मानेत असतो आणि तोंड त्याच्या पुढे असतं. शेळीच्या बाबतीत अर्धा मीटर तरी जास्त धरावा, गाईच्या बाबतीत त्याहून अधिक. जे वाचवायचं असेल ते दोरीच्या टोकापासून नाही, तोंडाच्या टोकापासून मोजायचं.

किती दोरी पुरे, याचा हिशोब सोपा आहे. ४० किलोची शेळी दिवसाला साधारण १.२ ते १.६ किलो कोरडा चारा खाते. हिरव्या गवतात पाणीच जास्त, तेव्हा ओल्या वजनात हे ५ ते ७ किलो. जागेवर चरण्याजोगं गवत चौरस मीटरला २०० ग्रॅम असेल, तर ३ मीटर दोरीच्या वर्तुळात साडेपाच किलोच्या आसपास मिळतं, म्हणजे जेमतेम एक दिवसाचं. दुसऱ्या दिवशी मेख हलली नाही तर शेळी उपाशी राहते. तिसऱ्या दिवशीही नाही हलली तर ती मुळाशी कुरतडायला लागते, आणि तिथे तिच्याच लेंड्या पडलेल्या असतात. उबदार, ओलसर हवेत लेंड्यांतल्या जंतांच्या अंड्यांतून आठवड्याच्या आत संसर्ग करणाऱ्या अळ्या तयार होतात आणि गवताच्या खालच्या भागात राहतात. म्हणून रोज मेख हलवणं ही चाऱ्याइतकीच जंतांचीही गोष्ट आहे, आणि सोडलेल्या वर्तुळात लगेच परत न येणं हीसुद्धा.

‘खरी मेख इथेच आहे’ असं आपण म्हणतो, ते टेदरच्या बाबतीत शब्दशः खरं. तंबूची मेख एका बाजूने ओढली जाते, म्हणून ती तिरकी ठोकतात. इथे ओढ चारी दिशांनी फिरते, म्हणून मेख सरळ उभी हवी, ६० ते ७५ सेंटिमीटर लांब, आणि डोकं जमिनीशी सपाट होईपर्यंत ठोकलेली. वर राहिलेला वीतभर तुकडा दोन घात करतो. दोरी त्याभोवती गुंडाळत जाते, आणि वरून ओढ लागल्यामुळे मेख तरफेसारखी हलून सैल होते. खुंटा हलवून बळकट करणं ही म्हण माणसांपुरती ठीक, जमिनीतला खुंटा हलवला की भोक मोठं होतं. रेताड किंवा पावसाने मऊ झालेल्या जमिनीत साधा गज निघून येतो, तिथे मळसूत्रासारखी फिरवून रुतवायची मेख धरते. मेखेवरचं कडं तिच्याभोवती मोकळं फिरलं पाहिजे आणि वरून निसटता कामा नये.

झाडाला टेदर बांधू नये, याचं कारण आकड्यात सांगितलं की पटतं. खोड ३० सेंटिमीटर जाडीचं असेल तर त्याचा घेर ९४ सेंटिमीटर. जनावर एकाच दिशेने फिरत राहिलं तर दर फेरीला तेवढी दोरी खोडावर जाते. ५ मीटर दोरीच्या पाच फेऱ्या झाल्या की उरतात ३० सेंटिमीटर. जनावर खोडाला तोंड चिकटवून उभं राहतं आणि उलट फिरून सुटावं हे त्याला सुचत नाही.

फेऱ्यांचा दुसरा परिणाम पिळाचा. जनावर मेखेभोवती फिरलं, उठताबसता वळलं की दोरीला पीळ चढतो. तीन पेडांची दोरी एका दिशेने फिरवली की आवळते आणि गुठळ्या घेते, उलट दिशेने फिरवली की पेड उकलतात आणि त्यात खूर अडकतं. दोन्ही वाईट. यावर उपाय म्हणजे स्विव्हल, म्हणजे दोन टोकं एकमेकांपासून स्वतंत्र फिरणारी कडी. एक नव्हे, दोन हवीत: मेखेपाशी एक, गळपट्ट्यापाशी एक. मेखेपाशचं स्विव्हल मातीने आणि गंजाने आखडतं, बाहेरून ते तसंच दिसतं आणि फिरत मात्र नाही. रोज बोटांनी फिरवून पाहायला पाच सेकंद लागतात. एवढ्या एका तपासणीने जितके अपघात टळतात, तितके महागड्या दोरीने टळत नाहीत, असं माझं मत आहे.

दोरी की साखळी? साखळी चावून तुटत नाही आणि सहसा गाठ धरत नाही, पण लहान जनावराच्या मानेला ती जड होते. पातळ नायलॉन दोरी सर्वांत वाईट: पायाला वेढा पडला आणि जनावराने झटका दिला की घर्षणाने कातडी भाजते, गुडघ्यामागे खोल कापतं. दोरीच वापरायची तर बोटभर जाड, आणि शक्य असेल तर तिच्यावरून बागेच्या पाइपाचा तुकडा ओवलेला. ताठ दोरी पायात वेढा घालत नाही. गळपट्टा ४-५ सेंटिमीटर रुंद, आत दोन बोटं जातील इतका सैल. गळ्यात फास कधीही नाही. मराठीत गाठींची जोडी सुरेख आहे: एका टोकाला ओढलं की सुटते ती सुरगाठ, ओढली की घट्ट होते ती निरगाठ. पण गळ्यासाठी या दोन्ही नकोत. तिथे हवी न सरकणारी, न आवळणारी गाठ, खलाशांची बोलाइन. तिचं वेटोळं बांधलं तेवढंच राहतं.

लांब दोरी दयेची वाटते, पण तिच्यात धोका असतो. आखूड दोरीवर जनावराला धाव घ्यायला जागा नसते. लांब दोरीवर ते घाबरून पळतं आणि टोकाला पोचेपर्यंत पूर्ण वेगात असतं. ६० किलोची शेळी सेकंदाला ५ मीटर वेगाने टोकाला आली आणि १० सेंटिमीटरमध्ये थांबली, तर मानेवर सरासरी ७,५०० न्यूटन बल येतं, म्हणजे सुमारे ७६५ किलो वजनाइतकं. तोच थांबा रबरी तुकड्याने अर्ध्या मीटरवर पसरला तर बल पाचव्या हिश्श्यावर येतं. म्हणून लवकर बुजणाऱ्या जनावराला, विशेषतः घोड्याला, लांब दोरीवर सोडून निघून जाणं धोक्याचं. कोवळी पिल्लं आणि गाभण जनावरं टेदरवर ठेवूच नयेत. आणि कुत्र्यांचा उपद्रव असलेल्या जागी कुठलंच जनावर एकटं नको, कारण टेदरने त्याची पळून जाण्याची एकमेव ताकद काढून घेतलेली असते.

पाण्याची बादली वर्तुळाच्या आत ठेवली की दोरी ती झाडूसारखी लोटून देते. ती कडेवर ठेवायची, तोंड पोचेल आणि दोरी पोचणार नाही अशी. सावली सकाळी पाहून भागत नाही. सूर्य सरकतो तशी ती वर्तुळाबाहेर जाते आणि जनावराला तिच्यामागे जाता येत नाही. दोन जनावरं शेजारी असतील तर मेखांमधलं अंतर दोन्ही दोऱ्यांच्या बेरजेहून मीटर-दोन मीटर जास्त असावं, नाहीतर दोऱ्या एकमेकींत विणल्या जातात.

यातल्या एका अपघाताची नोंद कवितेत आहे. स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्स स्वतः शेतकरी होता. त्याच्या १७८६च्या पहिल्या संग्रहात मेली नावाच्या मेंढीवर एक कविता आहे. मेली टेदरवर चरत असताना तिच्या खुरात दोरीचा वेढा अडकतो आणि ती चरात कोसळते. पडल्या पडल्या ती निरोप देते: धन्याला सांगा, माझ्या जातीला यापुढे तागाच्या किंवा केसांच्या दोरीने बांधू नको, रानात मोकळं चरू दे. कवितेत विनोद आहे, पण अपघाताचं वर्णन अचूक आहे. खुराला वेढा, तोल जाणं, खोलगट जागा. उतारावर किंवा चराजवळ मेख ठोकू नये, हा नियम त्यात जवळजवळ लिहिलेलाच आहे.

माणसाला हा शब्द लागू व्हायला फार वेळ लागला नाही. १६व्या शतकाच्या उत्तरार्धात टेदर म्हणजे ‘एखाद्याच्या कुवतीची मर्यादा’ असा अर्थ इंग्रजीत रुळलेला दिसतो. तत्त्वज्ञ जॉन लॉकने १६९०च्या आपल्या मानवी आकलनावरच्या ग्रंथात तो नेमका वापरला: बुद्धीने आपल्या टेदरच्या शेवटच्या टोकाला आल्यावर थांबावं. लॉकला इथे कैद म्हणायची नाही. वर्तुळाच्या आत भरपूर चरता येतं, फक्त त्याची त्रिज्या ओळखावी, असं त्याला म्हणायचं आहे. आज इंग्रजीत ‘टेदरच्या टोकाला आलो’ म्हणतात ते सहनशक्ती संपली या अर्थाने. मराठीत आपण ‘आता अगदी टोक झालं’ किंवा ‘अंत पाहिलास’ म्हणतो. भाव जुळतो, चित्र मात्र हरवतं. मूळ चित्रात जनावराने पोचण्याजोगं सगळं गवत खाल्लंय, दोरी ताणलीय, आणि हिरवं गवत तोंडापासून वीतभर पुढे आहे. ती नुसती थकवा किंवा रागाची भावना नाही, जवळचं सगळं संपल्याची आहे. भाषांतर करताना शब्द कुठलाही वापरावा, पण हे गवत डोळ्यांपुढे असावं. आपल्याकडेही दोरीने मोजायची सवय आहेच. दिवस कासराभर वर आला म्हणणाऱ्याने बैलाच्या दोरीने आकाश मोजलेलं असतं.

गणितातही ही शेळी २७० हून अधिक वर्षं चरते आहे. इंग्लंडच्या ‘लेडीज डायरी’ या वार्षिकात १७४८ साली गोल कुंपणाला बांधलेल्या घोड्याला बाहेरून किती जागा चरता येईल, असा प्रश्न आला. १८९४मध्ये एका अमेरिकन गणिती मासिकात त्याचं आतलं रूप आलं: गोल कुरणाच्या कडेवर बांधलेल्या जनावराला बरोबर अर्धं कुरण मिळायला दोरी किती हवी? उत्तर कुरणाच्या त्रिज्येच्या १.१५८७ पट. हा आकडा जवळपास काढता येत होता, पण त्याचं नेमकं सूत्र जर्मन गणिती इंगो उलिशने २०२०मध्ये मांडलं.

पुढचे अर्थ वेगाने पसरले. फोनच्या इंटरनेटवर लॅपटॉप चालवणं ते टेदरिंग. डॉलरशी किंमत जखडलेल्या एका आभासी चलनाचं नावही टेदर, २०१४पासूनचं. मज्जारज्जूचं खालचं टोक आसपासच्या ऊतींना चिकटून ताणलं जातं त्या विकारालाही टेदर्ड कॉर्ड म्हणतात. मूल वाढतं, रज्जू वर सरकू शकत नाही, आणि पायांत अशक्तपणा येतो. हे डॉक्टरी नाव फार अचूक आहे: लांबी अपुरी पडली, हेच त्या आजाराचं मूळ.

सर्वांत लांब गेला तो अंतराळात. मार्च १९६५मध्ये अलेक्सेई लिओनोव्ह यानाबाहेर पडला तो सुमारे ५ मीटरच्या टेदरवर. फेब्रुवारी १९८४मध्ये ब्रूस मॅककँडलेस टेदरशिवाय बाहेर पडून जवळजवळ १०० मीटर दूर गेला, आणि इंग्रजीत तो क्षण सांगायला ‘अनटेदर्ड’ एवढा एकच शब्द पुरला. २५ फेब्रुवारी १९९६ रोजी कोलंबिया यानातून एक उपग्रह तारेच्या दोरीवर सोडला गेला. २०.७ किलोमीटरपैकी १९.७ किलोमीटर दोरी सुटली आणि तुटली. ओढ फार झाली म्हणून ती तुटली नव्हती. आवरणाला कुठेतरी छेद गेला होता, तिथून विजेची ठिणगी पडत राहिली आणि दोरी जळाली. गोठ्यातल्या माणसाला हे नवीन वाटणार नाही. दोरी बहुधा तिच्या बळाच्या मर्यादेवर तुटत नाही, आधी घासलेल्या एका जागेवर तुटते. म्हणून ती रोज हाताखालून पूर्ण लांबीभर सरकवून पाहायची असते.

ते झालं की मेख उपटायची आणि नवी जागा ठरवायची. वर्तुळं एकमेकांना नुसती टेकवली तर मधे न चरलेले तिकोनी तुकडे राहतात, उत्तम मांडणीतही जवळजवळ ९ टक्के. एकही तुकडा सुटू नये असं वाटत असेल तर मेखा दोरीच्या १.७३ पट अंतरावर ठोकायच्या, आणि पुढची ओळ मागच्या दोन मेखांच्या मध्यावर धरायची. ५ मीटर दोरीला हे अंतर ८ मीटर ६६ सेंटिमीटर येतं. पावलांनी मोजलं तर साधारण १२ पावलं, आणि मग हातोडा.